डोमाजीची घडी

तुमच्या मनगटावर घड्याळ असेल तर एक सांगा: ते कोणाच्या बाजूचे आहे?

प्रश्न वेडगळ वाटेल. घड्याळाला कसली आली बाजू, बारा वाजले की सगळ्यांचेच वाजतात, असे तुम्ही म्हणाल. ज्यांनी राइस मिलमध्ये एक दिवसही काढला नाही त्यांनाच असे म्हणता येते. गोंदियाच्या बाहेर, नागऱ्याच्या वाटेवर, एक मिल होती. अजूनही आहे. तिथे दोन वेळा चालत असत. एक कचेरीच्या भिंतीवर, दुसरी बॉयलरवाल्या डोमाजीच्या मनगटावर. या दोन वेळांच्या मधे जी फट होती, तिच्यातून आमच्या बायामाणसांचे आयुष्य रोज थोडेथोडे गळत होते आणि ते शेठच्या पदरात पडत होते. याला चोरी म्हणतात. मी त्या काळी पत्रकात हाच शब्द वापरला होता आणि आजही मला दुसरा सापडलेला नाही.

पण मला शेठबद्दल लिहायचे नाही. शेठ सगळे सारखेच असतात. डोमाजी एकच होता.

तो मोठा गोड माणूस होता असे मी लिहिणार नाही. तापट होता, फुशारक्या मारणारा होता, आणि माणसांपेक्षा वाफेशी त्याचे जास्त जमे. बुटका, छातीने रुंद. भट्टीच्या झळीने भुवया कायमच्या जळून गेल्या होत्या, त्यामुळे चेहरा नेहमी आश्चर्यात पडल्यासारखा दिसे. आश्चर्य मात्र त्याला कशाचेच वाटत नसे. भट्टीत भुसा टाकायचा, काचेच्या नळीतले पाणी बघायचे, आणि कचेरीतून निरोप आला की भोंग्याची तार ओढायची, ही त्याची कामे. मिल सुटायचा भोंगा त्याच्याच हाताने होत असे.

आणि त्याच हातावर ती घडी होती. आमच्याकडे घड्याळाला घडीच म्हणतात. गोंदियाच्या बाजारात हिंदी इतकी मुरली आहे की घड्याळ हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात राहिला आहे. डोमाजीची घडी पहिल्या महायुद्धातली होती. चांदीचे जाड खोके, काचेवर गोळीबारापासून बचावाची बारीक जाळी, पांढऱ्या तबकडीवर केसाएवढी एक भेग, आणि बाराचा आकडा लाल. पट्टा तिचा नव्हता. तो डोमाजीने मिलच्या इंजिनाच्या झिजलेल्या पट्ट्यातून कापून काढला होता. घडी तो मनगटाच्या आतल्या बाजूला बांधी. पलटणीतले लोक तशीच बांधतात, असे तो सांगे; त्याची बायको कचराबाई सांगे की भुशाची धूळ बसू नये म्हणून. कामावरून आला की तो धोतराच्या सोग्याने ती पुसत बसे. कचराबाई शेजारणींना म्हणायची, "मले आजवर एकदा पुसलं नाही का कशी हायस म्हून. घडीले रोज पुसते."

ती त्याच्याकडे आली कशी? याच्या तीन हकिगती होत्या. तरुणपणी तो मजूर-पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता, एवढे तिन्हींत समान. मिलमधल्या बायांना तो सांगे की एका गोऱ्या डाक्तरला त्याने पाठीवर घालून दवाखान्यात नेले, मरताना डाक्तरने ती दिली. पुरुषांना सांगे, पत्त्यांत जिंकली. आणि मिलचे मुनीमजी, ज्यांच्या कचेरीत ते भिंतीवरचे घड्याळ होते, त्यांनी विचारले की म्हणे, "कुठून आणली ते सोडा. चोरलेली नाही. आमच्या पलटणीत मुनीम नव्हते."

रविवारी मिलला सुट्टी. त्या दिवशी डोमाजी आंघोळ करून नागऱ्याहून पायी गोंदिया स्टेशनवर जाई. कुणी विचारले की म्हणे, "टाइम भरून आणतो." जसे विहिरीवरून पाणी भरतात, तसा तो टाइम भरायचा. स्टेशनवर एखाद्या गार्डाला गाठायचे, त्याच्या घडीशी आपली लावायची, चावी द्यायची, आणि जपून, जणू सांडेल अशा चालीने परतायचे. "गाड्या झूट बोलते," तो म्हणायचा, "गार्डाची घडी नाही बोलत." शनिवार उजाडेपर्यंत त्याला शंका येऊ लागे. "आज टाइम शिळा झाला गा. उद्या ताजा भरून आणतो."

आता भोंग्याचे सांगतो. मिल सहाला सुटायची असे कागदावर होते. हंगामात धानाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, रस्त्यापर्यंत लागलेल्या असत, आणि कचेरीतले घड्याळ त्या दिवसांत विलक्षण सुस्त होई. सकाळी मात्र तेच घड्याळ तरतरीत असे. उशीर झालेल्या बाईला फाटकातून परत पाठवण्याइतके तरतरीत. संध्याकाळी निरोप्या येऊन सांगे, "ओढ रे, सहा वाजले." डोमाजी तार हातात घेई, मनगट उलटे करी, आणि वाफेच्या आवाजावर आवाज चढवून ओरडे:

"सहाचा भोंगा, वाजले साडेसहा!"

मग तार ओढी. हे रोज. आवारात उसना, म्हणजे उकडलेला, धान वाळवणाऱ्या बाया हातातली फावडी टाकून हसत आणि त्याची नक्कल करीत. मुनीमजी ओट्यावर येऊन म्हणत, "डोमाजी, तेरी घड़ी बुढ़िया गई है."

"बुढी हाय मुनीमजी, पण नवऱ्याच्या मागं झूट बोलत नाही. तुमची तरणी हाय, सांभाळा."

त्याला काढून टाकले नाही, कारण तो बॉयलर दुसऱ्या कोणाच्या हाती नीट वाफ धरत नसे. आणि नुसत्या ओरडण्याने शेठचे काय जात होते? ओरडून झाल्यावर डोमाजी तार त्यांच्याच वेळेवर ओढत होता.

मी छापखान्यात खिळे जुळवीत असे. त्याच्या आरोळीवरून मी एक पत्रक छापले, "भोंगा खोटे बोलतो". युनियनने तक्रार नागपूरला पाठवली. तेव्हा आपण अजून जुन्या मध्यप्रदेशात होतो. राजधानी नागपूर, साहेब निम्मे इकडचे, निम्मे जबलपूरकडचे. पुष्कळ दिवसांनी उत्तर आले की एक साहेब चौकशीला येतील. तक्रारीला साक्ष एकच होती. डोमाजी, म्हणजे डोमाजीची घडी.

आणि नेमकी तेव्हाच ती मागे पडू लागली.

आधी त्याने तो दोष गार्डावर टाकला. "तुमची घडी पुढं पळून राहिली," असे तो स्टेशनवर एका गार्डाला बोलला. गार्डाने त्याला स्टेशनातले मोठे घड्याळ दाखवले, मग दुसऱ्या गार्डाचे. डोमाजीने काटे पुढे केले आणि परतला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. घडी मागे, आणि आठवड्याआठवड्याने अधिक मागे.

मग एका संध्याकाळी निरोप्या आला. डोमाजीने तार धरली, मनगट उलटे केले आणि ओरडला, "सहाचा भोंगा, वाजले..."

घडीत बरोबर सहा वाजले होते.

तो तसाच तोंड उघडे ठेवून उभा राहिला. खाली सेवंताबाई होती. वाळवणावरच्या बायांची ती पुढारी, जिभेची तिखट. ती म्हणाली, "काय भाऊ, शेठनं घडीलेही कामावर ठेवलं का?"

सगळे आवार हसले. डोमाजीने तार ओढली, नेहमीपेक्षा जास्त वेळ ओढून धरली, आणि मग भट्टीकडे वळून भुसा टाकू लागला. मागे पडणारी घडी म्हणजे काय हे तोवर आम्हा कोणाला कळले नव्हते. आणखी महिनाभर ती अशीच चालली असती तर साहेबांसमोर तिने शेठच्या भिंतीला दुजोरा दिला असता.

आता तिचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला, आणि तो एकट्या डोमाजीचा नव्हता.

पहिला उपाय शेठकडून आला. शेठ चांगुलपणाने बोलत. "डोमा, घडी इधर दे दे. नागपूर भेजकर बनवा देंगे. पुरानी चीज़ है, कदर करनी चाहिए."

"मांजरीले दूध राखाले कोण देते शेठजी," डोमाजी म्हणाला. शेठ हसले. त्यांना राग कधी येत नसे. रागवायला त्यांनी माणसे ठेवली होती.

मग आम्ही बाजारात करीमभाईकडे गेलो. करीमभाई घडीसाज. उंच, वाकलेला, एका डोळ्याला काच लावून लावून तो डोळा दुसऱ्याहून मोठा झालेला. त्याने खोके उघडले आणि झाकणाच्या आतले बारीक ओरखडे दाखवले. दुरुस्त करणारा प्रत्येकजण तिथे आपली खूण करून ठेवतो म्हणे. "तीन हाथ की खुली है ये," तो म्हणाला. "डोमाजी, पत्तों में जीती थी या डाक्टर ने दी थी?"

"तू घडी पाह्य. माही पत्रिका नको पाहू."

करीमभाईने पाहिली. कमान थकली आहे, म्हणजे चावी दिल्यावर जी आतून ताकद देते ती पोलादी पट्टी. आणि तोलाच्या चाकाचा दांडा झिजला आहे. तो म्हणाला, तीन रस्ते आहेत. नुसते तेल-सफाई करतो, महिना-दोन महिने चालेल, मग पुन्हा हेच. किंवा आतले सगळे मशीन काढून टाकून नवे बसवतो, तबकडीही नवी रंगवतो, चार दिवसांत घ्या, स्टेशनच्या घड्याळासारखी चालेल. किंवा कलकत्त्याला माझा साडू आहे, त्याला लिहून हिच्याच मापाची कमान आणि दांडा शोधायला सांगतो. मिळेल की नाही खुदा जाने. मिळाले तर मशीन हिचेच राहील. "मैं तो कहूँगा, दूसरा रास्ता. झंझट ख़तम."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मिलच्या फाटकाबाहेर चिंचेखाली सगळे जमले. मीही होतो. असा वाद मी नंतर मोठमोठ्या सभांतही ऐकला नाही.

"मशीन बदलून टाक," सेवंताबाई म्हणाली. "आमाले टाइम पायजे भाऊ. घडीचं लगन नाही लावाचं."

"अन साहेबानं पुसलं का हेच घडी व्हय का, त काय सांगू?"

"हाव म्हणाचं."

"झूट?"

"खोकं त तेच हाय ना."

"खोक्यातून दुसराच बोलून राहिला असन, त तो माहा गवाह कसा?" डोमाजी तापला. "इतले दिवस हिनं पाहिलं. हे पोट्टी आज आली, हिले काय ठाव भोंगा कवा वाजते?"

"मंग तेल टाक अन साहेब येईपर्यंत चालव."

"अन साहेब उशिरा आला त? तो का गाडीनं नाही येणार?"

यावर हशा झाला. सेवंताबाई शेवटी म्हणाली, "तुमची घडी, तुमचा जीव. पण आमच्या लेकराची सांज त्या खोक्यात हाय, ध्यानात ठेवा." तिचे लहानगे पोर संध्याकाळी घराच्या दारात बसून तिची वाट बघत असे, भोंगा होईपर्यंत ते रडून झोपी जाई. हे सगळ्यांना माहीत होते. 

डोमाजीने तिसरा रस्ता घेतला. तो जिद्दीचा होता म्हणून, आणि त्याला ती घडी प्रिय होती म्हणूनही, दोन्ही खरे. पण तो बरोबर होता. साक्षीदार बदलून जिंकलेली साक्ष ही आपली साक्ष नव्हे. तबकडी रंगवायलाही त्याने नाही म्हटले. "भेग राहू दे करीमभाई. गवाहाचं तोंड बदललं त ओळखन कोण?"

मुनीमजी काय म्हणतील हेही त्याने ओळखले होते. घडी गुपचूप दुरुस्त केली, मागेपुढे करून आणली, असेच म्हणणार. म्हणून त्याने ठरवले की कमान बसेल ती सगळ्यांसमोर. कलकत्त्याहून सामान आले, साडूने कुठूनसे शोधले होते, आणि मंडईच्या आधीच्या रविवारी करीमभाईच्या दुकानापुढे मिलची निम्मी माणसे येऊन उभी राहिली. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. त्या वेळी नवे कपडे निघतात. डोमाजी त्या दिवशीच नवे धोतर नेसून आला. जावयाने दिलेले, मंडईसाठी जपून ठेवलेले, सोग्याला हळदीचे बोट लावलेले. कचराबाईने हळद लावल्याशिवाय त्याला कोऱ्या कपड्याची घडी मोडू दिली नव्हती.

"शादी है क्या?" करीमभाई कुरकुरला. "सब साँस रोको. हवा से पुर्ज़ा उड़ जाता है." खरेच सगळ्यांनी श्वास आवरले. सेवंताबाईने तोंडावर पदर धरला. जुनी कमान काढून त्याने कागदावर ठेवली, नवी बसवली, चाक हलले, आणि टिकटिक सुरू झाली. मग सगळी मिरवणूक स्टेशनवर गेली आणि काटे लावून आली. घडी पुन्हा कोणी उघडू नये म्हणून डोमाजीने झाकणाच्या कडेला लाख ओतून घेतली. लाख आमच्या भागात मुबलक. जंगलातून येते आणि गावात शिजते. त्या लाखेवर करीमभाईने आपला छाप उठवला. काटे फिरवायची चावी मात्र बाहेरच राहते, तिला लाख लावता येत नाही, हे मी म्हणालो, तेव्हा डोमाजीने माझ्याकडे डोळे वटारून पाहिले.

पुन्हा आरोळी सुरू झाली. "सहाचा भोंगा, वाजले साडेसहा!" ते काही आठवडे मिल हसत होती.

मग साहेब आले. रेस्टहाउसमध्ये चौकशी होती. साहेब जबलपूरकडचे, तरुण, नवीन बदलून आलेले. वाईट माणूस नव्हता. आम्हाला व्हरांड्यात थांबवले; खिडकी उघडी होती. आत साहेब, त्यांचा हिंदी कारकून, मुनीमजी, आणि शेठचे वकील. वकील नागपूरचे. आत जाण्यापूर्वी ते व्हरांड्यात माझ्याशी उत्तम मराठीत संत्र्यांच्या बहराबद्दल बोलले होते.

कामगाराला आपल्या भाषेत बयान देऊ द्यावे, अशी युनियनची मागणी होती. ती मान्य झाली होती. मागणी बरोबरच होती, आजही आहे. डोमाजीला पलटणीची हिंदी येत असे, पण साहेब आपणहून म्हणाले, "अपनी भाषा में बोलिए, बाबा. घबराइए मत." डोमाजीला ते फार आवडले. तो छाती काढून उभा राहिला. सुरुवातीचे सगळे ठीक गेले: भोंगा, निरोप्या, साडेसहा. मग वकिलांनी विचारले की घड़ी की मरम्मत कब हुई.

"मंडईच्या आधीच्या इतवारी."

"दिन पक्का याद है?"

"पक्का. त्याच दिवशी म्या घडी मोडली."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिले. कारकुनाला थोडी मराठी येत होती आणि तिचा त्याला अभिमान होता. "मोडना याने तोड़ना, सर. कहता है, घड़ी तोड़ी."

"तोड़ी? किसने तोड़ी?"

"म्याच मोडली ना साहेब. दुसऱ्याले कायले मोडू देऊ? कोरी करकरीत होती."

"नई थी?"

"नवी. जवायानं देलती. बुढीनं आधी हळद लावली, मंग मोडली."

"नई घड़ी दामाद ने दी," कारकून लिहिता लिहिता म्हणाला, "और हल्दी लगाकर तोड़ी."

व्हरांड्यात कोणीतरी हसले. मग हसणे थांबले, कारण आत काय लिहिले जात आहे हे आम्हाला कळले. "साहेब, धोतराची! कपड्याची घडी!" मी खिडकीतून ओरडलो. सेवंताबाईही ओरडली. चपराशी आला आणि त्याने खिडकी लावून घेतली. काचेतून मला दिसत होते, डोमाजी मान डोलावत होता. आपल्या सच्चेपणावर शंका घेतात असे वाटून तो आणखी ठासून सांगत होता. त्याने हात पुढे करून घडी दाखवली. लाखेवरचा छाप शाबूत होता. त्याकडे कोणी पाहिले नाही.

मी वकिलांकडे पाहत होतो. घडी मोडणे म्हणजे काय हे त्या माणसाला त्याच्या आईने शिकवले असणार. तो टेबलावरच्या पेन्सिलीकडे बघत बसला. हसला नाही, बोलला नाही. खोटे बोलणाऱ्या भोंग्यापेक्षा मला त्या गप्प तोंडाचा आजही जास्त राग आहे.

कारकुनाने अंगठ्यासाठी शाई पुढे केली तर डोमाजी म्हणाला, "अंगठा नाही, सही करतो." पलटणीत तो तेवढे शिकला होता. मान वर करून बाहेर आला आणि म्हणाला, "सगळं सांगून टाकलं गा. दिवस पण सांगून टाकला."

 सेवंताबाई म्हणाली, "भाऊ, तुम्ही धोतराची घडी सांगतली. त्यायनं हातातली लिहिली."

त्याला समजायला वेळ लागला. आधी त्याने मनगटाकडे पाहिले, मग खाली धोतराकडे. त्या दिवशीही तो तेच नेसून आला होता. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि हळदीचा डाग अंगठ्याने घासू लागला, जणू तो गेला की बयान पुसले जाईल.

आम्ही दुरुस्तीचा अर्ज केला. साहेबांनी तो घेतला, योग्य तो विचार होईल म्हणाले, आणि बदलून गेले. निकाल आला: एकमेव साक्षीदाराचे घड्याळ मधल्या काळात मोडले आणि त्याच्या जागी नवे आले, असे त्यानेच सांगितल्यामुळे तक्रार शाबीत होत नाही. मग राज्ये बदलली. आपण मुंबई राज्यात गेलो, मराठी साहेब आले. आम्ही पुन्हा धाव घेतली. जुने कागद भोपाळला गेले की मुंबईला, हे कोणालाच सांगता आले नाही. कागद नाहीत तर प्रकरण नाही.

शेठने डोमाजीला काढले नाही. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तेरी गलती नहीं थी, डोमा." फक्त भोंग्याची तार दुसऱ्याच्या हाती दिली. डोमाजी भट्टीत भुसा टाकत राहिला. काही दिवस पोरी त्याला छेडत, "काका, आज कोणाची मोडली?" मग तेही थांबले. तो ओरडायचा थांबला. कोणी वेळ विचारली तर म्हणे, "भोंगा होईन तवा समजन." सेवंताबाईने त्याच्याशी बोलणे सोडले नाही, पण ती आता थट्टा करत नसे, आणि हे त्याला जास्त लागत असावे.

आणि घडी? घडी अचूक चालत होती. करीमभाईने आपले काम चोख केले होते. तीस-चाळीस वर्षांच्या त्या म्हातारीने तेव्हा कुठल्याही गार्डाच्या घडीशी बरोबरी केली असती.

मी त्याला शेवटचे पाहिले ते गेल्या हंगामात. बोनसच्या मागणीचे पत्रक घेऊन मी संध्याकाळी फाटकाशी उभा होतो. अंधार पडत आला होता. भोंगा झाला. माणसे निघाली. डोमाजी सर्वांत मागे होता, खोकत, खांद्यावर रिकामा डबा. फाटकाच्या दिव्याखाली तो थांबला. मनगट उलटे केले, नखाने चावी बाहेर ओढली, आणि काटे मागे फिरवले. भोंग्यावर आणून ठेवले. हे तो रोज करीत असणार, सकाळच्या भोंग्याला पुढे, संध्याकाळच्या भोंग्याला मागे. हाताला सवय होती.

"काऊन गा डोमाजी?" मी म्हणालो.

तो संतापला नाही. संतापला असता तर मला बरे वाटले असते. "बुढी भोंग्यावर चूल पेटवते," तो म्हणाला. "घरात दोन टाइम ठेवले त जेवण थंडं होते." मग माझ्या हातातले पत्रक घेतले, न वाचता छातीच्या खिशात ठेवले, आणि बाकीच्यांच्या मागोमाग नागऱ्याच्या वाटेला लागला.

वाचकहो, डोमाजीसाठी आता काही करता येण्यासारखे नाही. पण जिथे एक माणूस बोलतो आणि दुसरा ते वेगळ्या भाषेत लिहितो, अशी खोली तुमच्या गावात आजही आहे: कचेरीत, ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात. तुम्हाला दोन्ही भाषा येत असतील, तर तिथे असताना टेबलावरच्या पेन्सिलीकडे बघत बसू नका. सही होण्याआधी उभे राहा, आणि लिहिलेले त्या माणसाला त्याच्या बोलीत वाचून दाखवा, असे मोठ्याने सांगा. खाली बसायला सांगितले तरी बसू नका.